पी. के. रोझी : दगड नटीवर पडले की जातीवर?

भारतीय सिनेमाच्या इतिहासात 'बेधडक' नट्यांची चर्चा निघाली की कोणी पडद्यावर चुंबन दिले, कोणी तोकडे कपडे घातले याचीच यादी वाचायला मिळते. पण या देशात एक नटी अशी होऊन गेली की जिने अंगभर वस्त्र नेसले, दागिने घातले, घरंदाज बाईसारखी पडद्यावर वावरली, आणि तेवढ्यानेच प्रेक्षक चवताळून उठले. तिचे नाव पी. के. रोझी. मल्याळम सिनेमाची पहिली नायिका.

रोझीचा जन्म १९०३ चा, त्रावणकोर संस्थानातील तिरुवनंतपुरमचा. मूळ नाव राजम्मा. जात पुलया, म्हणजे सवर्णांच्या शेतात पिढ्यानपिढ्या राबणारी अस्पृश्य जात. घरी गरिबी. गवत कापून पोट भरणारी ही मुलगी 'काक्करशी' या लोकनाट्यात काम करू लागली. या खेळात बायकांच्या भूमिकाही पुरुषच करीत. तिथे उभ्या राहिलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी रोझी एक होती.

त्याच सुमारास जे. सी. डॅनियल हा तरुण 'विगतकुमारन' हा मूकपट काढत होता. नायिकेसाठी मुंबईहून नटी आणण्याचा त्याचा प्रयत्न फसला. मग त्याने रोझीला घेतले. भूमिका होती सरोजिनी या नायर स्त्रीची. पुलया स्त्री नायर स्त्री झाली! ठिणगी इथेच पडली.

हा चित्रपट तिरुवनंतपुरमच्या कॅपिटॉल थिएटरात लागला. साल कोणी १९२८ सांगतात, कोणी १९३०. रोझी हजर असेल तर आम्ही येणार नाही, असे प्रतिष्ठित सवर्ण पाहुण्यांनी बजावल्याचे सांगितले जाते. स्वतःचाच चित्रपट पाहायला तिला मज्जाव! पडद्यावर नायक तिच्या केसांतील फुलाचे चुंबन घेतो तेव्हा प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, दगड मारून पडदा फाडला. पुढे तिची झोपडी पेटवण्यात आली. जीव वाचवण्यासाठी तिने एका लॉरीतून नागरकोईलकडे पळ काढला. लॉरीचालक केशव पिल्लै याच्याशी तिने लग्न केले आणि उरलेले आयुष्य 'राजम्माळ' म्हणून तामिळ मुलखात काढले. पुन्हा कधी ती कॅमेऱ्यासमोर आली नाही. आईच्या या भूतकाळाची तिच्या मुलांनाही फारशी माहिती नव्हती.

आता प्रश्न असा की लोक नेमके कशावर चिडले? बाईने नाटक-सिनेमात काम करणे तेव्हा सगळीकडेच कमीपणाचे मानले जाई. १९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळाली नाही, साळुंके या पुरुषालाच ती भूमिका करावी लागली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. दुर्गाबाईंनाही टीका सोसावी लागली. पण त्यांचे घर कोणी जाळले नाही. कमलाबाईंची कारकीर्द तर पुढे अनेक दशके चालली. म्हणजे सगळा दोष 'बाई' असण्यावर ढकलता येत नाही.

आपल्याकडचे उदाहरण बघा. महार समाजातील पवळाबाई हिवरगावकर तमाशाच्या बोर्डावर उभी राहिली तेव्हा सवर्णांनीही तिकीट काढून गर्दी केली. दलित स्त्रीने नाचावे, रिझवावे, याला जातिव्यवस्थेची कधीच हरकत नव्हती. हरकत होती ती तिने 'कुलीन' दिसण्याला. रोझीने नेमके तेच केले.

त्रावणकोरात दलित स्त्रीने काय ल्यावे, काय नेसावे हेही जातच ठरवत असे. पुलया स्त्रियांना छाती झाकण्याची मुभा नव्हती, जातीची खूण म्हणून गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालाव्या लागत. १९१५ मध्ये अय्यंकालींच्या हाकेवरून कोल्लमच्या सभेत स्त्रियांनी या माळा तोडून फेकल्या. आणि इकडे २७ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना काय सांगितले? अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण्याची जुनी रीत सोडा, सवर्ण स्त्रियांसारखे लुगडे नेसा, कथलाचे दागिने टाकून द्या. त्याच दिवसांत शेकडो मैलांवर एक पुलया मुलगी कॅमेऱ्यासमोर हेच करत होती. तिने बाबासाहेबांचे नाव ऐकले असेल-नसेल, पण ज्या व्यवस्थेवर महाडचा घाव पडला, तिच्याच वर्मावर रोझीचाही घाव पडला. म्हणून दगड आले.

पुढे डॅनियलला 'मल्याळम सिनेमाचा जनक' हा मान मिळाला. उशिरा मिळाला, पण मिळाला. त्याच्या नावाने केरळ सरकार १९९२ पासून पुरस्कार देते. रोझी मात्र विस्मरणातच राहिली. कुन्नुकुळी एस. मणी यांच्यासारख्या पत्रकारांनी तिचा माग काढला, तेव्हा कुठे तिचे नाव पुन्हा उजेडात आले. २०१३ च्या 'सेल्युलॉइड' चित्रपटात ती दिसली, पण डॅनियलच्या कथेतली एक बिचारी मुलगी म्हणून. त्याच सुमारास जेनी रोवेना या अभ्यासक स्त्रीने नेमका प्रश्न विचारला : मल्याळम सिनेमात दलित स्त्रीला नायर स्त्रीची भूमिका आज तरी मिळेल का?

हा प्रश्न मराठी सिनेमालाही लागू आहे. आपल्या मुली पडद्यावर येतात तेव्हा कोणत्या भूमिकेत येतात? मोलकरीण, पीडिता, की नायिका?

२०१९ मध्ये केरळच्या सिनेस्त्रियांच्या संघटनेने रोझीच्या नावाने फिल्म सोसायटी काढली. चेन्नईत पा. रंजित यांची 'नीलम' तिच्या नावाने चित्रपट महोत्सव भरवते. 'विगतकुमारन'ची प्रत आज उरलेली नाही, रोझीचा पडद्यावरचा एकही क्षण आपण पाहू शकत नाही. म्हणूनच तिची आठवण जपण्याची जबाबदारी आपली आहे. तिला 'बिचारी' म्हणू नका. ती पळाली हे खरे, पण त्याआधी ती उभी राहिली होती.

जय भीम!