थंड हवेचे ऋण

वैशाखातील उन्हाने असोद्याचे काळे शिवार भेगाळले, की आम्हां खानदेशी मंडळींस डोंगराची आठवण होते. ही आठवण मूळची आमची नव्हे. आमच्या पूर्वजांस डोंगर ठाऊक होता तो देवस्थान म्हणून किंवा किल्ला म्हणून. केवळ हवा खाण्यासाठी बिऱ्हाड घेऊन वर जावे, ही कल्पना आम्ही इंग्रजांपासून उचलली. त्या कल्पनेने एका गावाचे काय केले, हे महाबळेश्वराच्या इतिहासात पाहावयास सापडते.

कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून हे क्षेत्र प्राचीन काळापासून पूज्य आहे. १८२४ साली लॉडविक हा सेनाधिकारी तेथे चढून गेला. पुढे गव्हर्नर माल्कम यास ही हवा मानवली, आणि १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना खंडाळा गाव देऊन इंग्रजांनी मोबदल्यात हे ठिकाण घेतले. क्षेत्रापासून थोड्या अंतरावर माल्कमपेठ वसली. चिनी व मलायी कैद्यांकडून रस्ते बांधवून घेण्यात आले. बटाटे व विलायती भाज्या पिकविण्याच्या कामीही त्या कैद्यांचा हात होता. बंगले उठले, चर्च झाले, क्लब निघाला. घरापासून हजारो कोस दूर असलेल्या त्या लोकांनी कड्याकड्यांस आपल्या माणसांची नावे दिली. आर्थर मॅलेटचे नाव आजही एका कड्यास चिकटलेले आहे.

या वसाहतीचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. तिच्या सुखाचा पाया कैद्यांच्या घामाचा होता, आणि सामान्य एतद्देशीयास तेथे हमाल, माळी वा खानसामा यापलीकडे स्थान नव्हते. तथापि तिला एक मर्यादा होती. पावसाळा तोंडावर आला की बंगले गवताने शाकारून सारे खाली उतरत, आणि डोंगर पुन्हा धुक्याच्या व रानाच्या स्वाधीन होई. ही मर्यादा सद्गुणाची नव्हे, संख्येची होती; पण तिने रान राखले.

१९४७ नंतर ती वसाहत पांगली आणि डोंगर सर्वांचा झाला. हे न्याय्यच झाले. परंतु परक्यांची मक्तेदारी मोडताना आपण त्यांची हौस मात्र जशीच्या तशी घेतली, आणि संख्येची मर्यादा सुटल्यावर तिच्या जागी विवेकाची मर्यादा घालावयास विसरलो. मोटारींच्या रांगा लागल्या, उपाहारगृहांवर मजले चढले. अखेर २००१ साली केंद्र सरकारला महाबळेश्वर-पाचगणीचा टापू पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला. तरीही बेकायदा बांधकामांचे वाद मिटले नाहीत. पुढे सातारा जिल्ह्यातील २३५ गावे कवेत घेणारी 'नवीन महाबळेश्वर'ची योजना निघाली. जुन्यावरील भार हलका व्हावा, हा तिचा हेतू सांगितला जातो. पण एका डोंगरावर जी शिस्त आपण राखू शकलो नाही, ती २३५ गावांत कोठून आणणार, असा प्रश्न विचारवंत वाचकांस पडल्यावाचून राहणार नाही.

येथे प्रश्न केवळ सृष्टिसौंदर्याचा नाही. वरचे रान पावसाचे पाणी मुरवून धरते, आणि ते झऱ्यांवाटे कृष्णा-कोयनेस पोहोचते. खाली मैदानात ऊस पिकविणारा शेतकरी महाबळेश्वरास कधी हवा खावयास गेलाही नसेल. परंतु तेथील प्रत्येक तुटलेल्या झाडाशी त्याच्या विहिरीचा संबंध आहे. हौस एकाची आणि भुर्दंड दुसऱ्यास, असा हा व्यवहार आहे.

हे सारे दूरच्या सह्याद्रीचे पुराण म्हणून आम्ही सांगत नाही. सातपुड्यात आमचे स्वतःचे तोरणमाळ आहे. यशवंत तलाव, भोवतालचे कडे आणि पिढ्यान् पिढ्या तेथे नांदणारे भिल्ल-पावरा बांधव ही त्याची खरी संपत्ती होय. उद्या आमचीच मंडळी तेथे गर्दी करतील, आणि त्यांनी ती करू नये असे आमचे म्हणणे नाही. मात्र किती बांधावे व कोठे थांबावे, हे पहिला मजला चढण्यापूर्वी ठरले पाहिजे, आणि ते ठरविताना तेथे बारमाही राहणाऱ्यांचा शब्द प्रथम ऐकला पाहिजे. पाहुण्यास थंड हवा चार दिवस लागते. डोंगर मात्र त्यांना जन्मभर लागतो.