जर्मन ‘श्रिल’ म्हणजे कर्कश की भन्नाट?

समजा, इन्स्टावरच्या तुमच्या फोटोखाली कुणा जर्मन माणसानं लिहिलं, ‘श्रिल्लेस आउटफिट!’ भाषांतराचं बटण दाबलं आणि इंग्रजीत आलं ‘श्रिल’. कपडे कर्कश? लगेच ब्लॉक करू नका.

दोन्ही भाषांत हा शब्द जवळपास सारखाच ऐकू येतो. आवाजापुरता अर्थही एकच, कानात घुसणारा, चिरका. शिट्टी, किंकाळी, अलार्म वगैरे. पण जर्मनमध्ये तो कपडे, रंग आणि माणसांनाही लागतो. युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेतले चमचमते पोशाख जर्मन बातम्यांत सर्रास ‘श्रिल’ असतात. इंग्रजीत तिथे दुसरे शब्द लागतात. रंगांना ‘लाउड’ किंवा ‘गॅरिश’, कपड्यांना ‘फ्लॅशी’ आणि कौतुक करायचं असेल तर ‘फ्लॅम्बॉयंट’. आपलं ‘भडक’ हे ‘गॅरिश’च्या जवळचं, त्यात कौतुक क्वचितच. जर्मन शब्दात ते असू शकतं.

इंग्रजीत मात्र हा शब्द जपून वापरा. बाईच्या बोलण्याला ‘श्रिल’ म्हणणं हा तिथे टोमणाच आहे. २०१६च्या अमेरिकी निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांच्या आवाजावरून त्यावर बराच वाद झाला होता. आणि हो, वादातल्या सुराला कुणी ‘श्रिल’ म्हटलं, तर जर्मनमध्येही ती टीकाच.