दिवसा काम, रात्री वर्ग : मुंबईच्या गिरणगावातल्या रात्रशाळा आणि साक्षरतेची अर्धवट लढाई

आपल्या भागातल्या कुठल्याही गावात एखादं तरी घर सापडतं, जिथला आजोबा किंवा चुलता मुंबईला गिरणीत होता. लालबाग, परळ, नायगाव, दादर ही नावं त्या घरात रोजची. दर महिन्याला मनीऑर्डर यायची, कधी पत्र यायचं. मात्र अनेकदा ते पत्र त्याने स्वतः लिहिलेलं नसायचं. खोलीतला एखादा शिकलेला सोबती किंवा पोस्टाबाहेर बसणारा माणूस ते लिहून द्यायचा. गावाकडेही ते दुसऱ्याच कुणाकडून वाचून घ्यावं लागायचं. नवरा-बायकोच्या बोलण्यात असे दोन परके माणूस कायम मध्ये.

ही अडचण सोडवण्यासाठी मुंबईत जे उपाय झाले, त्यातला सर्वात टिकाऊ म्हणजे रात्रशाळा. त्या कशा सुरू झाल्या, आज कुठे आहेत आणि आपल्या गावातून कामाला गेलेल्या मुलामुलींना त्यांचा उपयोग कसा होतो, याची ही माहिती.

सुरुवात कुठून झाली?

शाळेची वेळ कष्टकऱ्याच्या वेळेला जुळत नाही, हे आधी ओळखलं महात्मा जोतीराव फुले यांनी. 1855 मध्ये त्यांनी पुण्यात शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली.

मुंबईत त्याआधी गिरगावात मुलींच्या शिक्षणाची चळवळ उभी राहिली होती. 1848 मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी ही संस्था स्थापन झाली. दादाभाई नौरोजी यांच्यासारखे तरुण त्यात होते. पुढच्याच वर्षी संस्थेने मुलींच्या शाळा सुरू केल्या. जगन्नाथ शंकरशेट म्हणजेच नाना शंकरशेट यांनी गिरगावातल्या आपल्या वाड्यात त्यासाठी जागा दिली.

पण गिरगावपासून थोड्याच अंतरावर चित्र वेगळं होतं. 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी निघाली आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागच्या आसपास गिरण्यांची रांग लागली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगरकडची माणसं तिथे कामाला आली. मुलंसुद्धा आली. 1881 च्या कारखाना कायद्याने फक्त सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तास काम करून घेण्याची मुभा होती. 1891 मध्ये हे वय नऊ झालं, तर 1922 मध्ये बारा. म्हणजे ज्या वयात आज मूल दुसरी-तिसरीत असतं, त्या वयात गिरणीतलं मूल कामावर होतं. मग दिवसाची शाळा कितीही चांगली असली तरी त्याच्या काय कामाची?

गिरणगावाने काय केलं?

सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केलं. 1890 मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. कामगाराला आठवड्यातला एक दिवस स्वतःचा मिळाला, तो त्यामुळे.

1911 मध्ये ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. या संस्थेने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. पुढे 1939 मध्ये मुंबई शहरात प्रौढ साक्षरतेची मोठी मोहीम झाली.

रात्रशाळेचं गणित साधं होतं. कामगार शाळेकडे येऊ शकत नाही, तर शाळेने कामगाराच्या वस्तीत आणि त्याच्या वेळेला यायचं. गावकीच्या एका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे, जेवण खानावळीत. तिथे अभ्यासाला जागा नाही. त्यामुळे रात्रीचा वर्ग हा शिकण्याचाच नव्हे, दिव्याखाली शांत बसण्याचाही आधार होता.

चाळीतून शिकलेली माणसं

या भागाने अभ्यासाची जिद्द किती दाखवली, याची तीन उदाहरणं सर्वांना माहीत असावीत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचं कुटुंब लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहायचं. तिथूनच एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकून ते 1907 मध्ये मॅट्रिक झाले. पुढेही बरीच वर्षं ते परळच्या बीआयटी चाळीत राहिले.

अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. शाळेत ते जेमतेम दीड दिवस गेले. मुंबईत आल्यावर दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं जुळवली, असं सांगितलं जातं. त्याच माणसाने पुढे ‘फकिरा’ लिहिली.

कवी नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने सांभाळलं. ते गिरणीत राबले, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाले आणि नंतर शिकून महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले.

ही मोठी माणसं. पण त्यांच्या शेजारच्या खोल्यांमधून जे हजारो शिकू शकले नाहीत, त्यांच्यात जिद्द कमी होती असं म्हणता येणार नाही. त्यांची पाळी आणि शाळेची घंटा एकाच वेळी वाजायची.

आज परिस्थिती काय आहे?

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, अनेक कुटुंबं कल्याण-डोंबिवली, विरारकडे किंवा परत गावी गेली. गिरणगावातल्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे होऊ लागले. उरलेल्यांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे वाढला. मुंबई महापालिका आजही मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांत शाळा चालवते.

रात्रशाळा मात्र पूर्ण संपल्या नाहीत. आता तिथे गिरणी कामगाराच्या जागी हॉटेलात, दुकानात, कुरिअरमध्ये काम करणारी पोरं आणि घरकाम करणाऱ्या बाया दिसतात. बहुतेक ठिकाणी आठवी ते दहावीचे वर्ग संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास भरतात आणि तीनेक तास चालतात. परीक्षा राज्य मंडळाचीच, पेपर सर्वांना सारखाच.

अडचणी तीन. पहिली, अभ्यासक्रम दिवसाच्या शाळेइतकाच, पण वेळ निम्मा. दुसरी, विद्यार्थी कामावरून थेट येतो, पोटात काही नसतं. मुंबईत 2008 पासून काम करणारी ‘मासूम’ ही संस्था म्हणूनच खाऊ, पुस्तकं आणि फिरती प्रयोगशाळा पुरवते. तिसरी, शिक्षक. दिवसा एका शाळेत शिकवून रात्री दुसरीकडे शिकवणाऱ्या शिक्षकांबाबत सरकारने 2017 मध्ये निर्णय घेतला, त्यांना रात्रशाळेतून कमी केलं. त्यावरून मोठा वाद झाला.

आकडे काय सांगतात?

जनगणनेत साक्षर कोण? सात वर्षांवरची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते ती. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साक्षरता सुमारे 82 टक्के होती. मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे 89 टक्के, तर नंदुरबारमध्ये सुमारे 64 टक्के. युनेस्कोच्या हिशोबाने जगात सुमारे 75 कोटी प्रौढांना आजही वाचता-लिहिता येत नाही. त्यात जवळपास दोन तृतीयांश बायका आहेत.

शाळेत नाव असणं आणि वाचता येणं यातही फरक आहे. 1990 च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. तिच्या पुढाकाराने 2005 पासून ‘असर’ सर्वेक्षण होतं. त्यासाठी कार्यकर्ते गावोगाव घरी येऊन मुलांना वाचायला लावतात. असर 2024 नुसार देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीचा धडा नीट वाचता आला.

आपल्याला काय उपयोग?

- कामाला जाणाऱ्या पोराने गाव सोडताना शाळा सोडल्याचा दाखला सोबत घ्यावा. रात्रशाळेत प्रवेशासाठी तो लागतो. प्रवेश साधारण जूनमध्ये होतात.
- मूल 6 ते 14 वयाचं असेल तर दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. जन्माचा पुरावा नसला तरी प्रवेश द्यावा लागतो आणि वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं.
- ऊसतोड किंवा वीटभट्टीला जाताना मुलाचं शिक्षण हमी पत्रक गुरुजींकडून मागून घ्या. त्यावरून दुसऱ्या गावच्या शाळेत मूल बसू शकतं.
- शाळेत रोज जाणं शक्य नसेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं. अटी आणि तारखा राज्य मंडळ दरवर्षी जाहीर करतं.
- 15 वर्षांवरच्या निरक्षरांसाठी ‘उल्लास’ हा कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे. नोंदणी जवळच्या शाळेत होते, शिकवतात गावातलेच स्वयंसेवक. शेवटी वाचन, लेखन आणि हिशोब यांची 150 गुणांची चाचणी असते.

साताऱ्यात 1959 मध्ये सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेतही हीच रीत होती. शेतातून माणूस घरी आल्यावर, गावातच, गावच्याच माणसाने शिकवायचं. गिरणगावातल्या रात्रशाळेचा धडाही तोच आहे.

आज पत्राची जागा मोबाईलने घेतली. पण बँकेचा मेसेज, सातबारा, औषधाची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घेणारी माणसं आपल्या वाडीवस्तीत अजून आहेत. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर उद्या शाळेच्या वेळेत गुरुजींना भेटून उल्लासमध्ये नाव घाला.