छात्रसेनेचें एक वर्ष

वाद्याच्या तालावर पाऊल टाकणें ही माणसाची फार पुरातन संवय आहे. पंढरीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर दिंडी चालते. गांवच्या उत्सवांत हलगी कडाडली कीं लेझीम खेळणाऱ्यांचे पाय आपोआप उचलले जातात. तेथें पावलें एक होतात तीं कोणाच्या आज्ञेनें नव्हे, आवडीनें. लष्करी कवाइतींतील ताल निराळा. तेथें पाऊल मोजलेलें असतें. 30 इंचांचें एक पाऊल आणि मिनिटाला 120 पावलें, म्हणजे मिनिटाला बरोबर 100 यार्डांची वाट. मोठ्या ढोलाचा जड ठोका पडतो त्याच क्षणीं प्रत्येकाचा डावा पाय भूमीला लागला पाहिजे. आवडीचा ताल आणि आज्ञेचा ताल हे दोन्ही एकाच पटांगणावर नांदूं शकतात काय, हा शाळेंतील बँड व छात्रसेना यांच्यापुढील खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर त्यांच्या इतिहासांतच शोधिलें पाहिजे.

मोजलेल्या पावलाची ही चाल महाराष्ट्राला नवी नव्हती. महादजी शिंद्यांच्या पदरीं 1784 सालीं द बॉइन हा सेनानी आला आणि त्यानें युरोपीय धर्तीवर पलटणी तयार केल्या. त्या कवाइती फौजेला मराठे ‘कंपू’ म्हणत. पुढें राज्य गेलें आणि त्याबरोबर कवाइतीवरील हक्कही गेला. 1857 नंतर हिंदुस्थानांतील युरोपियनांना स्वयंसैनिकांच्या पथकांत मानानें प्रवेश मिळे. सुशिक्षित हिंदी तरुणाला मात्र त्या पथकांचें दार बहुधा बंदच असे. 1878 च्या शस्त्रविषयक कायद्यानें तर सामान्य माणसाच्या हातांतील शस्त्रच काढून घेतलें. 1886 सालीं कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेसनें हिंदी लोकांना स्वयंसैनिक होऊं द्यावें अशी मागणी केली, ती सरकारच्या कानाआड गेली. आपल्याच देशाच्या रक्षणासाठीं उभें राहण्याची परवानगी मागावी लागावी आणि तीही नाकारली जावी, हा अपमान त्या पिढीला फार झोंबला.

जें विनंतीनें मिळालें नाहीं तें महायुद्धाच्या निकडीनें मिळालें. 1917 सालीं हिंदी संरक्षण दलाचा कायदा झाला व विश्वविद्यालयांतून विद्यार्थ्यांचीं पथकें निघालीं. कलकत्त्याच्या स्कॉटिश चर्च कॉलेजांत शिकणारा एक तरुण अशाच पथकांत दाखल झाला. त्याचें नांव सुभाषचंद्र बोस. 1920 मध्यें या पथकांना नवें कायदेशीर रूप मिळालें. पुढें 1928 च्या कलकत्ता काँग्रेसच्या वेळीं त्याच सुभाषबाबूंनीं गणवेशधारी स्वयंसेवकांचें नेतृत्व केलें. तो लष्करी थाट पाहून अनेक तरुण हरखून गेले. महात्मा गांधींना मात्र तो रुचला नाहीं. गुलामाला ताठ उभें राहण्यास शिकविणारी कवाईत आणि माणसाला हुकुमाचा बंदा करणारी कवाईत बाहेरून सारखीच दिसते. दोहोंतील भेद ओळखावा कसा, हाच त्या मतभेदाचा गाभा होता.

स्वातंत्र्य दृष्टिपथांत आलें तेव्हां हा प्रश्न पं. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढें आला. गोखल्यांनीं 1905 सालीं पुण्यांत स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे कुंझरू हे अध्यक्ष. सेवा आणि शिस्त यांची सांगड हा त्यांच्या संस्थेचा पायाच होता. 1946 मध्यें नेमलेल्या या समितीच्या शिफारशींवरून राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा 16 एप्रिल 1948 रोजीं मंजूर झाला आणि 15 जुलै 1948 रोजीं सेनेचें कार्य सुरू झालें. शाळांसाठीं निराळा विभाग झाला आणि 1949 मध्यें मुलींनाही प्रवेश मिळाला. कायद्यांतील एक कलम विशेष महत्त्वाचें आहे. छात्रसेनेंत नांव घातल्यामुळें कोणावरही प्रत्यक्ष रणांगणावर जाण्याचें बंधन येत नाहीं. सैनिकाची शिस्त द्यावी, पण सैनिकाची सक्ति लादूं नये, असा हा विचार होता.

त्या विचाराचें मूर्त रूप म्हणजे शाळेंतील छात्रसेनेचें वर्ष. जूनमध्यें शाळा उघडतात, नांवें नोंदविलीं जातात आणि उंचीप्रमाणें रांग लागते. कवाइतींत मुलाचें कूळ, बापाची जमीन किंवा परीक्षेंतील गुण विचारले जात नाहींत. पहिला निकष उंचीचा. सावकाराचा मुलगा आणि त्याच्या मजुराचा मुलगा खांद्याला खांदा लावून उभे राहतात तें केवळ दोघे सारख्या उंचीचे म्हणून! शाळेंतीलच एक शिक्षक प्रशिक्षण घेऊन त्यांचा अधिकारी होतो, आणि ‘सावधान’, ‘विश्राम’, ‘तेज चल’, ‘थम’ हे हिंदी हुकूम मुलांच्या अंगवळणीं पडूं लागतात.

बँडची साधना याहून अवघड. कातड्याच्या पानांचे ढोल होते तेव्हां पावसाळी हवेनें पान सैल पडे व आवाज बसे. मग तें पुनःपुन्हां ताणावें लागे. बिगुलाची कथा निराळी. त्याला कळा नाहींत. ओठांच्या ताणावर आणि फुंकीच्या जोरावर अवघे पांच स्वर काढावयाचे, आणि सारे इशारे त्यांतच बसवावयाचे. शिकाऊ मुलाचा पहिला सूर ऐकून पटांगण हंसतें. पण तोच मुलगा 15 ऑगस्टच्या सकाळीं चुकला तर कोणी हंसत नाहीं, कारण त्या दिवशीं सर्वांचीं पावलें त्याच्या हातीं असतात. राष्ट्रगीत सुमारें 52 सेकंदांत पूर्ण व्हावयाचें असतें. हें मिनिटाहूनही लहान कार्य बिनचूक व्हावें म्हणून जूनपासूनच्या संध्याकाळी खर्ची पडलेल्या असतात.

नोव्हेंबरच्या चौथ्या रविवारीं छात्रसेना दिन येतो. वर्षाच्या सोयीच्या वेळीं दहा दिवसांचें शिबिर भरतें. पहांटे उठणें, अंथरुणाची घडी घालणें, लहान रायफलीनें निशाणावर नेम धरणें आणि एका पंगतीला बसून एकच अन्न खाणें, यांतून जें शिक्षण घडतें तें पुस्तकांतून घडत नाहीं. 26 जानेवारीला निवडक मुलें दिल्लीच्या संचलनांत चालतात. उरलेलीं आपापल्या तालुक्याच्या मैदानावर त्याच तालानें चालतात. दोन वर्षांचें शिक्षण, शेंकडा 75 हजेरी आणि एक शिबिर एवढें झालें कीं ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देतां येते. 1960 पासून महाराष्ट्रांत 1 मे हाही संचलनाचा दिवस झाला.

या शिक्षणाची कसोटी लागली ती 1962 च्या चिनी आक्रमणानंतर. देश हादरला होता. 1963 मध्यें कॉलेजांतील विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यांत आली. संकटाच्या काळीं तो निर्णय स्वाभाविक होता. परंतु सक्तीनें रांगा लांबतात, मन रांगेंत उभें राहतेंच असें नाहीं. 1968 मध्यें सक्ति उठली आणि छात्रसेना पुन्हां ऐच्छिक झाली. पुढच्याच वर्षीं राष्ट्रीय सेवा योजना निघाली व गणवेशाविना देशसेवा करूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनाही वाट मिळाली. कुंझरू समितीनें धरलेली मूळ दिशा देशानें पांच वर्षांच्या अनुभवानंतर पुन्हां स्वीकारली.

या इतिहासाचा बोध स्पष्ट आहे. परक्या सत्तेनें नाकारलेली कवाईत हा अपमान होता. स्वकीय सत्तेनें लादलेली कवाईत फार काळ टिकली नाहीं. स्वेच्छेनें पत्करलेली तेवढी रुजली. जो मुलगा आपण होऊन रांगेंत आला त्यालाच, दुसऱ्याच्या पावलाला जपून आपलें पाऊल टाकणें म्हणजे काय, तें उमगतें. ढोलाचा ठोका सर्वांना सारखाच ऐकूं येतो. त्यावर पाय उचलणें हें मात्र ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. तें ज्यानें स्वतः ठरविलें, त्याच्यासाठीं आज्ञेचा ताल आणि आवडीचा ताल हे दोन उरत नाहींत.