‘भाकरीसाठी बाटलेले’ आणि बेळगावचे बाबा पदमनजी

परवा बिंदू चौकाजवळ चहाच्या गाड्यावर आम्ही चौघंजण उभे होतो. विषय निवडणुकीचा चालला होता, तो फिरत फिरत माझ्यावर आला. एक जुना मित्र म्हणाला, "भावा, राग मानू नकोस, पण तुझ्या पणजोबानं मिशनऱ्याकडनं काय घेतलं होतं? गहू का दुधाची पावडर?" सगळे हसले. मीही हसलो. दुसरा मित्र पुरोगामी चळवळीतला, अभ्यासू माणूस. तो म्हणाला, "गव्हाचं सोड रे. कुमारीला मूल झालं, मेलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठला, हे तू पत्रकार असून मानतोस?" यावर मात्र कुणी हसलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

चहाचे पैसे दिले आणि घरी आलो. घरी तरी काय वेगळं? मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या नाताळात तिनं सरळ सांगितलं, "पप्पा, मी चर्चला येईन, पण मला ते पटतं म्हणून नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून." 

म्हणजे एकीकडे म्हणतात तुमचा धर्म परका आणि विकत घेतलेला. दुसरीकडे म्हणतात तो अंधश्रद्धा. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला हे दोन्ही एकाच दिवशी ऐकावं लागतं. अशा वेळी आम्ही लोक काय करतो, तर शाळा-दवाखान्यांची यादी काढतो. कोल्हापुरात १८५२ साली रेव्हरंड रॉयल वायल्डर आले, त्यांनी शाळा काढल्या. मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना काढला, तिथं अख्ख्या पंचक्रोशीवर उपचार झाले. सगळं खरं आहे. पण हे उत्तर नव्हे. दवाखाना चांगला होता म्हणून श्रद्धा खरी ठरत नाही. मित्रानं विचारलं होतं ते ‘तू का मानतोस’, आणि मी त्याला ‘आम्ही किती उपयोगी पडलो’ हे सांगत बसलो असतो.

म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगतो. तो आपल्या शेजारचाच, बेळगावचा. कोल्हापूरपासून शे-सव्वाशे किलोमीटर.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ सालचा. कासार समाजातलं सुखवस्तू घर, वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत, घरात सोवळंओवळं कडक. पोरगा मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकला आणि पुढे शिकायला मुंबईला गेला. मुंबईत तेव्हा काय हवा होती, हे लक्षात घ्या. इंग्रजी शिकलेली पहिली पिढी नुकतीच तयार होत होती. जुन्या रूढींवरचा विश्वास उडालेला, नवं काही हाती लागलेलं नाही. प्रत्येक गोष्टीला ‘पुरावा काय’ विचारायचं, हा त्या काळच्या हुशार तरुणांचा स्वभावच झाला होता. आज आपण ज्याला आधुनिक शंकेखोरपणा म्हणतो, तो महाराष्ट्रात मोबाइलबरोबर आलेला नाही. तो पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

त्याच मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, एक देव मानायचा, मूर्तिपूजा सोडायची, असे उदात्त विचार. सभासद होताना ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा, म्हणजे जात मोडली. पण सगळं बंद दाराआड. बाहेर आल्यावर पुन्हा तेच शेंडी, तेच सोवळं. बाबा पदमनजी या सभेत होते. या सभेबद्दल आज जे काही कळतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रामुळे कळतं.

पुढे या सभेचं काय झालं? १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रं चोरीला गेली. आता नावं फुटणार, घरी कळणार, जातीत कळणार, या धास्तीनं सभा मोडली. यातल्या माणसांना मी भेकड म्हणणार नाही. त्यातल्याच काहींनी पुढे १८६७ मध्ये उघडपणे प्रार्थना समाज काढला आणि मोठं काम केलं. पण एक गोष्ट उरतेच. जे मत यादी चोरीला गेल्यावर मोडतं, ते अजून पुरतं आपलं झालेलं नसतं.

बाबांनी त्याच्या कितीतरी आधी वेगळी वाट धरली. ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बेळगावात, म्हणजे आपल्याच गावात, आईवडिलांच्या आणि जातभाईंच्या डोळ्यांसमोर बाप्तिस्मा घेतला. वय तेवीस. मुंबईच्या गर्दीत गुपचूप घेता आला असता. घर तुटलं. बायको बरोबर आली नाही. आता सांगा, सुखवस्तू बापाच्या या पोरानं कुठल्या गव्हासाठी हे केलं?

इथं मी थांबलो असतो तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण हे उत्तर अर्धवट आहे, आणि थोडं अप्रामाणिकही. कारण त्यातून असं निघतं की पोट भरलेल्या, शिकलेल्या माणसाचं धर्मांतर तेवढं खरं. आणि दुष्काळात नगर जिल्ह्यात किंवा आपल्या भागात जे महार-मांग बांधव ख्रिस्ती झाले, त्यांचं खोटं. माझा पणजोबा त्यांतलाच. त्याला मिशनऱ्यानं धान्य दिलं असेल. असेलच. पण ज्या माणसाला गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, त्याला कुणीतरी आपल्या ओसरीवर बसवलं, नावानं हाक मारली, त्याच्या पोराच्या हातात पाटी दिली. त्यावरून त्यानं अंदाज बांधला की या माणसाचा देव कदाचित खरा असेल. हा अंदाज मला तर्काला धरून वाटतो. भुकेल्या माणसालाही विवेक असतो. तो फक्त पोटानं विचार करतो असं समजणं, हाच खरा अपमान आहे.

आणि आमिषाचाच हिशेब मांडायचा तर पुरा मांडू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती झालेल्या दलिताला आजही नाही. म्हणजे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं दलितानं ख्रिस्ती होणं हा सरळसरळ तोट्याचा व्यवहार आहे. तरी लोक त्यात राहिले. याचा जाब कुणी विचारत नाही.

आता दुसऱ्या मित्राचा प्रश्न.

बाबा पदमनजींनी बाप्तिस्म्यानंतर तीन वर्षांनी, १८५७ मध्ये, ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण शाळेत नाव पाठ केलंय, वाचली कुणी नाही. विषय काय, तर विधवांची स्थिती. विधवा पुनर्विवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. कायदा कागदावर, आणि घरोघर केशवपन चालूच. यमुना आणि तिचा नवरा विनायक प्रवासाला निघतात, गावोगावच्या विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानावर येतात, आणि शेवटी यमुनेवरच वैधव्य येतं. पुस्तकात धर्मप्रचार आहे, तो लपवलेलाही नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या माणसानं आपल्या श्रद्धेची बाजू मांडताना ‘आमच्या पुस्तकात लिहिलंय म्हणून’ एवढ्यावर भागवलं नाही. त्यानं विचारलं, ही दहा-बारा वर्षांची पोर, हिचं डोकं भादरून कोपऱ्यात बसवलंय, हे तुमच्या मनाला पटतं का? आणि पटत नसेल, तर हे चूक आहे असं आतून सांगणारं कोण आहे?

माझी श्रद्धा खरं म्हणजे इथंच टेकलेली आहे. माझा पुरोगामी मित्र अन्याय दिसला की पेटून उठतो. मी त्याच्याबरोबर मोर्चात चाललोय. माणूस म्हणजे नुसता रसायनांचा खेळ असेल, तर त्या विधवेचं रडणं आणि पावसाचं पडणं यात फरक का करायचा? तो फरक करतो. मीही करतो. तो म्हणतो त्यासाठी देव लागत नाही. मला वाटतं लागतो. हा आमचा वाद आहे, आणि तो शहाण्या माणसांचा वाद आहे.

तिसऱ्या दिवशीच्या पुनरुत्थानाचं म्हणशील, तर पत्रकार म्हणून एकच सांगतो. शुभवर्तमानात रिकामी कबर सगळ्यात आधी बायकांनी पाहिली असं लिहिलंय. त्या काळी बायकांच्या साक्षीला पुरुषांच्या साक्षीइतकं वजन नव्हतं. कुणी बातमी रचली असती, तर असे साक्षीदार निवडले नसते. हा पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण वीस-बावीस वर्षं बातम्या तपासल्यानंतर अशा जागेवर माझी पेन्सिल थांबते.

आता आमच्या लोकांना दोन शब्द. श्रद्धेची बाजू घ्यायची म्हणजे प्रत्येक पाद्र्याची, प्रत्येक संस्थेची बाजू घ्यायची असं नव्हे. हे पंडिता रमाबाईंकडून शिकावं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या सिस्टरांशी वाद सुरू. गळ्यातल्या क्रॉसवर लॅटिन अक्षरंच का, आमची संस्कृत का नको? मला न पटलेली शिकवण केवळ चर्च सांगतं म्हणून का मानू? एका पुरोहितशाहीतून सुटले ती दुसरीच्या दावणीला बांधून घ्यायला नव्हे, हे त्यांनी बजावलं. इकडे पुण्यात १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती होतायत म्हणून गदारोळ झाला. ‘केसरी’नं झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मुलींच्या पालकांचा संताप मला समजतो, मीही मुलीचा बाप आहे. पण रमाबाई दोन्हीकडून बोलणी खात उभ्या राहिल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणून वाढवल्या आणि हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये छापून पूर्ण झालं, त्या १९२२ मध्येच गेल्या होत्या.

आम्ही मात्र जात सोडली म्हणतो आणि लग्न ठरवताना हळूच ‘मूळचे कुठले’ विचारतो. बाहेरच्या शंकेखोराला उत्तर देण्याआधी याचं उत्तर द्यायला पाहिजे.

आणि शंका घेणाऱ्यांना शत्रू समजू नका. १८५७ मध्येच मुंबईत गिरगावच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे काही महिने जाहीर वादविवाद झाले. बुवांनी ख्रिस्ती धर्माची सालटी काढली. आणि तो वाद पुस्तकरूपानं छापला कुणी? जॉर्ज बोवेन या मिशनऱ्यानं. आपल्यावर झालेली टीका स्वतः छापायची, याला मी श्रद्धा म्हणतो. आपल्या कोल्हापुरात २०१५ मध्ये कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते देव मानत नव्हते, मी मानतो. पण ते शब्दानं बोलत होते. ज्या शहरात नास्तिकाला बोलता येत नाही, तिथं माझ्यासारख्या मूठभरांतल्या आस्तिकाचंही तोंड फार दिवस उघडं राहणार नाही. शाहू महाराजांनी इथं सगळ्या जातिधर्मांच्या पोरांसाठी वसतिगृहं उभी करायला बळ दिलं, त्यात ख्रिस्ती पोरांचंही होतं. असं शहर आहे आपलं.

मुलीचं म्हणाल, तर तिला मी काही बोललो नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई बरोबर नव्हत्या. त्या पाच वर्षांनी आल्या, स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या पायांनी. कवीला घरात जे जमलं नाही, ते मला जबरदस्तीनं जमणार नाही. परवा रात्री तिच्या टेबलावर ‘अरुणोदय’ ठेवलं. सकाळी बघितलं तर ते तिच्या उशाशी होतं, आणि चाळीसएक पानांपाशी बसचं तिकीट घातलेलं होतं.

चहाच्या गाड्यावर उद्या पुन्हा जाणार आहे. या वेळी पैसे देऊन निघणार नाही, थांबणार आहे.