तापाची रेघ

सिव्हिल हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले तेव्हा पहिली तालीम थर्मामीटर झटकण्याची. मनगटाला असा हिसका द्यायचा की पारा ९५ च्या खाली गेलाच पाहिजे, आणि काच कॉटच्या दांडीवर आपटता कामा नये. मग टीपीआरच्या, म्हणजे ताप-नाडी-श्वासाच्या, तक्त्यावर टिंब, टिंबाला टिंब जोडून रेघ.

ही रीत बसवली जर्मनीतल्या लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिखने. थर्मामीटर वीतभर लांब, काखेत पंधरा-वीस मिनिटं धरून बसायचं. तरी १८६८ च्या ग्रंथात त्याने सुमारे २५,००० रोग्यांच्या नोंदी वापरल्या. पुस्तकावर नाव डॉक्टरांचं. इतक्या काखा कोणी उचलल्या असतील, ते आम्हाला विचारा! टायफॉइडचा पायरीपायरीने चढणारा ताप आणि हिवतापाची दिवसाआडची पाळी रेघेवरूनच कळू लागली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये ऑलबट नावाच्या डॉक्टराने सहा इंची, पाच मिनिटांत काम भागवणारा थर्मामीटर काढला, म्हणून तर वॉर्डाच्या धबडग्यात हे जमू लागलं.

पण रेघ वर चढवतं कोण? १८८५ मध्ये बर्लिनमध्ये आरॉनसोन आणि झाक्स यांनी सशाच्या मेंदूत आतवर सुई खुपसली, तर जंतूंशिवायच ताप चढला. नेमकी जागा त्यांना सापडली नव्हती. ती मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये आहे. जंतू शिरले की रक्तातल्या पेशी रसायनं सोडतात, त्यांच्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि ते हायपोथॅलॅमसमधला तापमान ठरवणारा काटा वर सरकवतं. काटा १०३ वर गेला की ९९ चं अंग मेंदूला गारच वाटणार. मग हातपाय थंडगार, हुडहुडी, ‘सिस्टर, अजून एक ब्लँकेट द्या.’ अंगाला हात लावावा तर तापलेलं! नातेवाइकांना हे ढोंग वाटायचं.

ताप उतरवणारं अॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात. पण ते प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, हे जॉन व्हेनने दाखवलं १९७१ मध्ये. म्हणजे सत्तर वर्षं जग नुसत्या गुणावर गोळी गिळत होतं. गोळीने काटा खाली आला की घाम फुटतो.

काटा वर असेतो अंग गार करून उपयोग नाही, म्हणून कुडकुडणाऱ्या पोराला मी गार पाण्याने पुसू देत नसे. अंग आणखीच कुडकुडून ताप राखू बघतं. आयांशी यावरून किती वाद! ऊन लागलेल्याचं मात्र उलट. तिथे काटा जागेवरच असतो, अंगालाच उष्णता आवरत नाही. तिथे क्रोसिनसारखी तापाची गोळी कुचकामी, गार पाणीच हवं, आणि तेही ताबडतोब.