नागपूरचं ऊन, कोराडीचं पाणी आणि पौर्णिमेचा एक तास: हवामान बदलावर महापालिका नेमकं काय करू शकते?

३० मे २०२४ च्या आसपास तुमच्याही व्हॉट्सअ‍ॅपवर तो स्क्रीनशॉट आला असेल: नागपूर, ५६ अंश सेल्सिअस. काही तासांत तो देशभर फिरला. नंतर भारतीय हवामान विभागानं खुलासा केला की त्या स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडला होता. शहरातल्या इतर केंद्रांवर नोंद होती ४४ अंशांच्या आसपास. मग मीम आले, फॉरवर्ड करणाऱ्यांची फजिती झाली आणि विषय मागे पडला.

पण ४४ अंश खरे होते. नवतपा सुरू होता. अशा दुपारी सदरच्या रेसिडेन्सी रोडवर दुकानांच्या आत एसी चालू असतात आणि त्याच एसींची गरम हवा बाहेर फुटपाथवर बसलेल्या विक्रेत्याच्या अंगावर येते. त्याला दुपारी घरी जाणं परवडत नाही. घरी गेला तरी वर टिनाचं छत आहे, आणि कुलर चालवायचा तर पाणीही लागतं आणि वीजही.

या माणसासाठी नागपूर महानगरपालिका काय करू शकते? हवामान बदल म्हटलं की आपल्याला पॅरिस करार, मोठमोठ्या परिषदा आठवतात. फुटपाथवरच्या माणसाचा संबंध मात्र झोन कार्यालयाशी येतो.

पालिकेच्या हातात किती आहे?

वाटतं त्यापेक्षा कमी. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली. शहरांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांमध्ये नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षण आहेत. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात वीज तयार करते महानिर्मिती, ती वाटते महावितरण. मेट्रोची कंपनी वेगळी, रेल्वेची जमीन रेल्वेची, धरणाचं पाणी जलसंपदा खात्याचं. नागपुरात तर नियोजनात महापालिकेसोबत नागपूर सुधार प्रन्यासही आहे. सदरमधून जाताना वरचा उड्डाणपूल एका यंत्रणेचा, खालची नाली दुसरीची आणि दिव्याच्या खांबातली वीज तिसरीची.

मुंबईनं १३ मार्च २०२२ ला आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला, तेव्हा शहरातलं प्रदूषण कुठून येतं याचा हिशेब मांडला होता. हरितगृह वायूंचा बहुतांश भाग इमारतींतल्या विजेचा आणि इंधनाचा निघाला, साधारण पाचवा हिस्सा वाहतुकीचा, आणि कचऱ्याचा दहा टक्क्यांहूनही कमी. महापालिकेच्या थेट ताब्यात यातला कचराच काय तो पूर्णपणे येतो. बाकी सगळ्यासाठी कुणाला तरी सोबत घ्यावंच लागतं.

म्हणून खरा प्रश्न असा आहे: सोबत कुणाला घ्यायचं आणि कोणत्या अटीवर? याची चांगली आणि वाईट, दोन्ही उत्तरं नागपूरकडे आहेत.

सांडपाणी विकणारं शहर

नागपूरला पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. त्याच पेंचच्या पाण्यावर शेतीचा हक्क आहे आणि शहराच्या उत्तरेला असलेल्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचाही. कोराडीत ६६० मेगावॅटचे तीन नवे संच आले, तेव्हा त्यांना थंड ठेवायला पाणी आणायचं कुठून हा प्रश्न उभा राहिला. धरणात वाटेकरी आणखी वाढवायचे का?

त्याच वेळी शहराच्या पूर्वेला भांडेवाडीत महापालिकेची उलटी अडचण होती. शहराचं सांडपाणी नाग नदीत जात होतं आणि ते शुद्ध करायला पैसा पुरत नव्हता.

दोन्ही गरजा एकमेकींना जोडल्या गेल्या. महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात करार झाला, केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून काही पैसा आला आणि भांडेवाडीत १३० एमएलडी क्षमतेचं प्रक्रिया केंद्र उभं राहिलं. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. शुद्ध केलेलं पाणी जलवाहिनीनं कोराडीला जातं आणि त्याचे पैसे महानिर्मिती देते. पुढे भांडेवाडीतलाच जुना १०० एमएलडीचा प्रकल्प खासगी भागीदारीतून २०० एमएलडीचा झाला.

१३० एमएलडी म्हणजे किती? दहा हजार लिटरचे रोजचे १३ हजार टँकर. माणशी १३५ लिटर हे सरकारी माप धरलं, तर साडेनऊ लाख लोकांचं एका दिवसाचं पाणी. केंद्र पूर्ण क्षमतेनं चाललं, तर तेवढं गोडं पाणी वीज केंद्रासाठी धरणातून उचलावं लागत नाही. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं वीज दर धोरणात बदल केला आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारक केलं. नागपूरचा करार त्याआधीचा आहे.

हे टिकलं कशामुळे, ते नीट बघायला हवं. यात कुणी कुणावर उपकार केले नाहीत. महानिर्मितीला पाण्याची हमी हवी होती, पालिकेला पैसा आणि स्वच्छ नदी. दोघांचं लेखी बांधून घेतलेलं होतं. आयुक्त बदलले, महापौर बदलले, पाणी जातच राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, पण भागीदार तर कोळसा जाळणारा! आक्षेप बरोबर आहे. सांडपाणी वापरल्यानं कोराडीच्या चिमणीतून निघणारा कार्बन कमी होत नाही. पाऊस बेभरवशाचा होत असताना शहराचं पाणी वाचतं, एवढंच. उत्सर्जन घटवणं वेगळं आणि बदलत्या हवामानाला तोंड द्यायची तयारी वेगळी. हा करार दुसऱ्या प्रकारातला आहे. कोराडीत आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर २०२३ च्या मे महिन्यात जनसुनावणी झाली, तेव्हा शहरातल्याच पर्यावरण संस्थांनी त्याला विरोध केला. एकाच वीज केंद्राशी शहराचा एक भाग करार करतो आणि दुसरा त्याच्याविरुद्ध उभा राहतो. यात विसंगती वाटू शकते, पण आमच्या मते दोघंही आपापलं काम करत होते.

उन्हाचा आराखडा: इथे भागीदार आहे आशा सेविका

मे २०१० मध्ये अहमदाबादचं तापमान ४६.८ अंशांवर गेलं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले होते. त्यातल्या फारच थोड्यांच्या दाखल्यावर ‘उष्माघात’ लिहिलेलं असणार. ऊन असंच मारतं: आधीच हृदयाचा, किडनीचा त्रास असलेल्या माणसाला गाठतं आणि कागदावर नाव दुसऱ्याच आजाराचं लागतं.

अहमदाबाद महापालिकेनं गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेला आणि इतर तज्ज्ञांना सोबत घेऊन २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. तो दक्षिण आशियातला पहिला मानला जातो. २०१६ मध्ये नागपूरनं त्याच धर्तीवर आपला आराखडा आणला.

त्याची यंत्रणा समजायला सोपी आहे. हवामान विभाग पिवळा, नारंगी किंवा लाल इशारा देतो. मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, किंवा थेट ४५ वर गेला, तर उष्णतेची लाट धरतात. इशारा आला की पालिकेच्या रुग्णालयांत शीत कक्ष तयार ठेवायचे, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, पाणपोया भरायच्या, कामाच्या वेळा बदलायच्या. नागपुरात ऐन उन्हाळ्यात दुपारी अनेक चौकांतले सिग्नल बंद ठेवले जातात, म्हणजे दुचाकीवाल्याला तापलेल्या डांबरावर थांबावं लागत नाही. यात पैसा जवळपास लागत नाही, फक्त पालिका आणि वाहतूक पोलीस यांनी एकमेकांशी बोलावं लागतं.

पण इशारा लोकांपर्यंत पोचवायचा कुणी? मोबाइलवर आलेला मेसेज आपण वाचतोही, विसरतोही. वस्तीत एकटी राहणारी म्हातारी कुठल्या घरात आहे आणि तिचा कुलर बंद पडलाय का, हे आशा सेविकेला माहीत असतं. आराखड्यातली सगळ्यात महत्त्वाची भागीदार तीच आहे आणि मानधन मात्र तिला तुटपुंजंच मिळतं. भर उन्हात घरोघर फिरून ती इतरांना सांगते की उन्हात फिरू नका.

अहमदाबादचं आणखी एक काम नागपूरला जसंच्या तसं उचलण्यासारखं आहे. २०१७ मध्ये तिथे गरीब वस्त्यांतली छतं चुन्यानं पांढरी करायला सुरुवात झाली. पांढरं छत ऊन परत फेकतं आणि घरातलं तापमान दोन ते पाच अंशांनी उतरू शकतं. टिनाच्या खोलीत एवढा फरक म्हणजे रात्री झोप लागणं. चुना, ब्रश आणि वस्तीतला महिला बचत गट एवढ्या सामग्रीवर हे काम होतं.

पौर्णिमेला दिवे बंद: उपयोग किती?

नागपूर महापालिका आणि ग्रीन व्हिजिल फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था मिळून ‘पौर्णिमा दिवस’ पाळतात. ही कल्पना तेव्हाचे महापौर अनिल सोले यांच्या काळातली. पौर्णिमेच्या सुमारास रात्री ८ ते ९ या वेळेत स्वयंसेवक एखाद्या चौकात जातात आणि दुकानदारांना अनावश्यक दिवे, पाट्या तासभर बंद ठेवायची विनंती करतात.

हिशेब आपणच करून बघू. १०० दुकानांनी प्रत्येकी ५०० वॅटचे दिवे एक तास बंद ठेवले, तर ५० युनिट वाचतात. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर ५० किलो. सदरसारख्या बाजारात दीड टनाचे तीस-पस्तीस एसी तासभर चालले तरी तेवढी वीज जाते. म्हणजे आकड्यात हे किरकोळच आहे. महापालिकेनं रस्त्यांवरचे जुने सोडियम दिवे काढून एलईडी लावले, त्यातून होणारी बचत याच्या कितीतरी पट मोठी.

मग कशाला? कारण दुसरीकडे आहे. दर महिन्याला तेच स्वयंसेवक त्याच दुकानदारांना भेटतात, ओळख होते. गणपती विसर्जनात फुटाळ्यावर निर्माल्य वेगळं करायला, मूर्ती कृत्रिम टाकीत विसर्जित करा म्हणून समजवायला हीच संस्था पालिकेसोबत उभी असते. अनोळखी कर्मचाऱ्याचं लोक ऐकत नाहीत, ओळखीच्या पोराचं ऐकतात.

जिथे जमलं नाही

२०१४ मध्ये इथेनॉलवर धावणारी हिरवी बस नागपुरात चाचणीसाठी आली, पुढे ताफाही वाढला. देशात पहिलीच म्हणून कौतुक झालं. २०१८ मध्ये पैशांच्या वादातून ती सेवा बंद पडली. २०१७ च्या मे महिन्यात मोठा समारंभ करून इलेक्ट्रिक टॅक्सी आल्या. वर्ष व्हायच्या आत चार्जिंगसाठी तासन्‌तास रांगेत उभे राहणारे चालक गाड्या परत करायच्या गोष्टी करू लागले. तंत्रज्ञान दोन्हीकडे चालणारं होतं. सांडपाण्याच्या करारात कोण किती देणार हे पक्कं होतं. इथे रोजचा तोटा कुणी सोसायचा हे नीट ठरलेलं नव्हतं, आणि टॅक्सीच्या बाबतीत तो चालकाच्या गळ्यात पडला.

कधी कधी भागीदार समोरच्या बाजूनं येतो. अजनीत रेल्वेच्या जमिनीवर मोठं वाहतूक केंद्र करायचं ठरलं, तेव्हा हजारो झाडांसाठी नागरिक २०२१ च्या सुमारास रस्त्यावर आणि न्यायालयात गेले. त्यांनी झाडं स्वतः मोजली. वृक्षतोडीच्या परवानगीआधी जाहीर नोटीस काढून हरकती मागवणं पालिकेला कायद्यानंच भाग आहे. ही नोटीस लोक वाचू लागले की काय होतं, ते अजनीनं दाखवलं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत माणसं झोपेतच पाण्यात सापडली. ४४ अंशांचं शहर बुडतंही. त्या वेळी नागपुरात नगरसेवकही नव्हते. मार्च २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली होती आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. पहाटे पाच वाजता फोन करायला ओळखीचा माणूस नसणं म्हणजे काय, हे त्या वस्त्यांना विचारावं.

तुम्ही सदरमध्ये राहत असाल तर

सदर मंगळवारी झोनमध्ये येतं. फेब्रुवारीतच झोन कार्यालयाला विचारा: यंदा आपल्या भागात शीत कक्ष कुठे आहे, पाणपोया कुठे लागणार, कोणती बाग दुपारी उघडी राहणार? एप्रिलमध्ये विचारून उशीर होतो. व्यापारी असाल, तर दुकानासमोर सावली आणि पाण्याचा माठ यांची सोय करता येते, आणि तीस दुकानदारांचं एकत्र पत्र गेलं तर झाडाच्या आळ्यांसाठी फुटपाथ फोडून मिळू शकतो. स्वतःच्या छताचं घर असेल, तर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत घरगुती सौर पॅनेलला तीन किलोवॅटपर्यंत ७८ हजार रुपये अनुदान आहे. अर्ज ऑनलाइन होतो, महापालिकेकडे जायचंही कारण नाही.

आणि कायद्यानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरण स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. तो वेबसाइटवर शोधा, नाही सापडला तर माहिती अधिकारात मागा. हातात आला की आधी गेल्या वर्षीच्या अहवालाशी आकडे ताडून बघा: किती सांडपाणी शुद्ध झालं, किती झाडं लावली आणि त्यातली किती जगली.